सात वह्यांतले ‘आपण’

मी, पंचफुला भीमा सोनकांबळे, वय ५९, धर्म बौद्ध, रजिस्ट्री कचेरीतील सेवानिवृत्त नकलनवीस, राहणार नांदेड, आज शुद्धीवर असून लिहिलेले मला समजते. यापुढे ‘कोणाच्याही दडपणाखाली नसून’ असे लिहिण्याची रीत आहे. कचेरीत दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांच्या नकला काढताना ते शब्द मी हजारो वेळा उतरवले. स्वतःसाठी लिहिताना हात थांबला. दडपण कोणी आणलेले नाही. पण मी घाबरलेली आहे, आणि ते लपवले तर लेख खोटा होईल.

१. गोदावरीकडच्या गल्लीतल्या माझ्या दोन खोल्या थोरल्या भावाची मुलगी सिंधु हिला द्याव्यात. ती उमरीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मागच्या दाराला तीन कड्या आहेत. तिला हसू येईल. तरी एक राहू द्यावी.

२. पासबुकात जे असेल ते, भांडी व शिवणयंत्र सिंधुचेच. रांजण शेजारच्या धुरपताबाईंना द्यावा. नळाला पाणी नसते तेव्हा तो त्यांच्याच उपयोगी पडला आहे.

३. लोखंडी पेटीत सात वह्या आहेत. त्यांतले विचार माझा धाकटा भाऊ निवृत्ती याचे, अक्षर माझे. तो नांदेडला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवीत असे. दृष्टी गेल्यावर तो सांगे आणि मी लिहीत असे. गेल्या जूनमध्ये तो वारला.

विषय असा. साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीत, फ्लॉरेन्स शहरी, नोकरीवरून काढलेल्या एका कारकुनाने राजासाठी पुस्तक लिहिले. सत्ता कशी घ्यावी, कशी राखावी, लोकांना धाकात कसे ठेवावे, हे त्यात आहे. त्याच देशातल्या एका कम्युनिस्ट विचारवंताने आपल्या शतकात तुरुंगात बसून त्या पुस्तकाचा निराळा अर्थ लावला. तो मराठीत मांडणे हे निवृत्तीचे काम. मला तो त्याच्या तोंडून कळला तेवढा लिहिते.

“ज्याच्या घरी सात पिढ्यांचा दरारा हाय, त्याला दरारा शिकवायला पुस्तक कशाला लागतंय, अक्का? ज्याला ह्यातलं ठावं न्हाई, त्याच्यासाठी लिवलंय ते.”

म्हणून त्या पुस्तकातला उपदेश सांगताना तो सगळीकडे ‘तू’ म्हणे. तू असे कर, तू असे करू नकोस.

मी विचारले, “राजाला तू म्हणायचं?”

“राजाला न्हाई गं. तुला.”

आताच्या काळातला राजा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, एकत्र आलेले लोक, असेही सातव्या वहीत आहे.

४. आता कबुली. मी ‘तू’ लिहिलेले नाही. जेथे तो ‘तू’ म्हणाला तेथे मी ‘आपण’ लिहिले आणि क्रियापद अदबीचे केले. तो वाचून दाखवायला सांगे तेव्हा डोळ्यांपुढे ‘आपण’ असताना मी तोंडाने ‘तू’ वाचत असे. तो मान हलवून “बराबर” म्हणे. प्रत्येक वहीच्या शेवटी कचेरीच्या सवयीने ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे लिहून मी सही केली आहे. नोकरीत माझा एक काना चुकला नव्हता.

कारण सांगते. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळात, आम्ही दोघे चाकूरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. खडी फोडण्याचे काम चालू होते. देखरेखीला गावचे व्यंकटराव होते. टँकर आला की आमच्या वस्तीच्या बायांना ते शेवटी पाणी देत, उरले तर. निवृत्ती पुढे होऊन म्हणाला, “व्यंकटराव, तू आधी ह्यांना पाणी दे.”

ते म्हणाले, “‘तू’ कुणाला म्हणतूस रे?” आणि घणाचा दांडा उचलून त्यांनी त्याच्या डोक्यात घातला.

मी त्यांच्या पायांवर पडले. “आपण मोठे. आपण माफी करा, मालक.” फिर्याद मीच देऊ दिली नाही. वर्षभरात निवृत्तीला दिसेनासे झाले.

५. गेल्या वर्षी लातूर वेगळा जिल्हा झाला. तेथे प्रकाशन मंडळ निघाले, अध्यक्ष व्यंकटराव. निवृत्तीचा विद्यार्थी चंद्रप्पा, उदगीरचा, याने भाबडेपणाने मंडळात एक वही दाखवली. जानेवारीत व्यंकटरावांची जीप आमच्या गल्लीत आली.

“बाई, तुमच्या भावाला जित्तेपणी कळलं न्हाई, पण लिवताना कळलं बघा,” ते म्हणाले. “मोठ्या माणसाशी बोलावं कसं! नव्या जिल्ह्याचं पहिलं पुस्तक हेच छापू. पुढाऱ्यायला वाटू.”

मी “जी” म्हणाले आणि चहा टाकला. ते गेल्यावर मागच्या दाराला तिसरी कडी बसवून घेतली.

६. सातही वह्या चंद्रप्पाच्या. त्या मंडळाला देऊ नयेत. प्रत्येक ‘आपण’वर लाल शाईची एक रेघ मारून वर ‘तू’ लिहावे. ब्लेडने खरवडू नये, खालचे दिसत राहावे. पहिल्या वहीची नऊ पाने मी केली आहेत, पुढे मला झाले नाही.

चंद्रप्पाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “अक्का, राहू द्या की. ‘आपण’ म्हणजे आपण सगळे, असंबी होतंय. सरांचा मुद्दा हायच त्यात.”

तो माझी समजूत घालत होता. पण मी ते त्या अर्थाने लिहिले नाही. मी ते मान खाली घालून लिहिले आहे. चंद्रप्पा, तूच करावेस. माझे दोन टाक, दौत आणि रूळही तुझे.

७. एक राहिले. हा लेख उघडेल तेव्हा मी नसेन, तरी मागच्या दाराच्या कड्या लावून लिहिते आहे. सकाळी बसले होते, आता उन्हे कलली.

व्यंकटराव, तू माझ्या भावाचे डोळे घेतलेस.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. ही नक्कल नव्हे, अस्सल आहे.

पंचफुला भीमा सोनकांबळे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
धुरपताबाई दगडोबा हनमंते, शेजारी (डाव्या अंगठ्याची निशाणी)
किशनराव मलप्पा बिरादार, सेवानिवृत्त कारकून, रजिस्ट्री कचेरी (सही)

मुक्काम नांदेड, २१ मार्च १९८३