नव्या डब्याआधीचे रविवार

१२ मे, मंगळवार

डाव्या हातानं आज पाऊण पान. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज काहीतरी लिहा, काय लिहिता ते मी वाचणार नाही. म्हणून ही वही. अक्षर अजून कोंबडीचे पाय, पण कोंबडी आता सरळ चालायला लागलीय.

तेजूचा सांगलीहून फोन. लेक हॉस्टेलवर इंजिनीअरिंग शिकते, अभ्यास कमी आणि बातम्या जास्त. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत व्हिडिओ गेमवाल्यांचा मोठा शो आहे, त्यात नवा डबा दाखवणार. ती 'कन्सोल' म्हणते. मी डबाच म्हणतो. कुठूनतरी बाहेर फुटलेला एक फोटोही पाठवला तिनं. एका हातानं चालवायचा रिमोट. सगळी बटणं डावीकडं.

फोटो मोठा करकरून पाहिला. संगीता चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आवं, हळद-कुंकू लावू का त्या मोबाईलला?"

लावलं तरी चालेल, म्हटलं.

१७ मे, रविवार

दु. ३ ला बिरूशी ऑनलाइन. नेहमीचाच मारामारीचा गेम. माझा जाडा पैलवान, त्याचा काटकुळा लाथा मारणारा. ३-१ ने जिंकलो.

जिंकलो म्हणजे काय ते मलाही कळेना. उजव्या हाताच्या अंगठ्याचं पेर आणि शेजारची दोन बोटं नाहीत. रिमोट मांडीवर दाबून धरायचा आणि उरलेल्या बोटांनी बटणं हुडकायची. मी ठोसा मागितला की पैलवान उडी मारतो. असा माणूस जिंकतो कसा?

आणि समोर कोण, तर आटपाडीकडचा बिरू, अजून फौजेतच आहे. मी फौजेत असताना आमच्या युनिटच्या रिक्रिएशन रूममध्ये एकच टीव्ही, एकच डबा, आणि आठ वर्षं तिथं ह्याचं राज्य. एकदा मेजरसाहेबांना सलग तीनदा हरवलं. साहेब हसले, सुभेदारांनी मात्र आठवडाभर रात्रीची ड्युटी लावली. तरी म्हणतो कसा, "दादा, साब हरले त्यात माझा काय गुन्हा?"

तो माणूस मला तीन डाव सोडतो. हं.

२० मे

शेजारच्या गावची यात्रा. कुस्त्यांच्या मैदानात मला फेटा बांधला. माईकवरचा गडी म्हणाला, "सीमेवर जखमी झालेले आपले वीर जवान." टाळ्या. मी माईक मागून घेतला आणि सांगितलं, सतरा वर्षं सीमेवर ओरखडा नाही, बोटं घरी येऊन कडबाकुट्टीत गेली. वैरण कापताना. लोक हसले. संगीतानं घरी आल्यावर ऐकवलं, "दोन मिंटं वीर जवान ऱ्हायला असता तर काय बिघडलं असतं?"

पण लिहायचं ते हे नाही. तिसरी की चौथी कुस्ती. दोन्ही पैलवान नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून फिरत होते. एकजण फारच सोयीनं खाली बसला. मागून पोरं ओरडली, "नूरा हाय! नूरा! भाईर काढा!"

नूरा म्हणजे आधी ठरवून लढलेली कुस्ती. लहानपणापासून हजारदा ऐकलेला शब्द. आज कान गरम झाले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

२४ मे, रविवार

आज परीक्षा घेतली बिरूची. चौथा डाव ऐन रंगात असताना मी रिमोट खाली ठेवून दिला आणि मनात दहा आकडे मोजले. माझा पैलवान बुजगावण्यासारखा उभा. बि.चा काटकुळा त्याच्या पुढ्यात येऊन हवेत लाथा मारतोय. हवेत. एकही लागू देत नाही.

मग मी रिमोट उचलून एक ठोसा मारला, तर लगेच आडवा पडला.

४-१. फोनवर म्हणतो, "दादा, लय भारी खेळलासा आज."

मी हूं म्हटलं.

२७ मे

संगीताला सांगितलं. वाटलं होतं हसेल.

"हरतोय म्हंजे जीव हाय त्याचा तुमच्यावर."

"जीव असंल. पर मला खेळायचंय, ववाळून घ्यायचं न्हाई."

"मी शर्टाची बटणं लावून देते, तवा न्हाई काय वाटत?"

"बटणं लावताना आपल्यात कुस्ती नसती."

"नसती व्हय?" म्हणाली आणि धारेला निघून गेली. तिच्यापुढं बोलून कोण जिंकलंय.

पण मला लागलंय खरं. नूरा दोघांनी ठरवून होते. इथं एकट्यानंच ठरवली आणि मला विचारलंसुद्धा नाही. राग येतो, आणि त्याचा चेहरा आठवला की जातो. दिवसातून चार वेळा येतो-जातो.

एकच इलाज दिसतो. तो एका हाताचा रिमोट आला, माझा हात परत चालायला लागला, की बि.ला सोडून द्यायला कारणच उरणार नाही. काही बोलावंही लागणार नाही. म्हणून शोची वाट बघतोय. मातीची भर लावायला आलेली माणसं उसात, आणि मालक बांधावर बसून अमेरिकेच्या बातम्या वाचतोय.

३१ मे, रविवार

तेजूचा फोन, आवाज पडलेला. तो फोटो खोटा निघाला. कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवून सोडलेला. "पण पप्पा, शोमध्ये काहीतरी असणारच. सगळेच म्हणतायत."

सगळेच म्हणजे कोण, ते विचारलं नाही.

दु. ३ ला बि.चा मेसेज आला. मी लाइट गेलीय म्हणून कळवलं. लाइट होती. डोक्यावर पंखा फिरत होता. एवढ्या वर्षांत बि.शी पहिल्यांदा खोटं बोललो. त्याचं उत्तर, "बरं दादा, फुडच्या रव्वारी."

४ जून

बि.ला सुट्टी मंजूर. आधी आटपाडी, मग १३ ला आमच्याकडं मुक्कामी. संगीता खुश, घर झाडायला घेतलं. मी पण खुश, पण अर्धाच. हात गेल्यापासून भेट नाही. व्हिडिओ कॉलला मी हात खालीच ठेवतो, त्याला वाटत असेल मी तंबाखू मळतोय.

शो परवा रात्री, त्यांच्या घड्याळाप्रमाणं. आपण सकाळी बघायचा.

७ जून, रविवार

धारा काढून, डेअरीला दूध घालून, चहा घेऊन मग बसलो. तेजूनं काढून ठेवलेला तुकडा लावला. एवढे दिवस थांबलो, अजून अर्ध्या तासानं काय फरक पडतो.

डबा देखणा. पातळ, काळा. मोठ्या पडद्यावर डोंगर, समुद्र, घोडे. लोक उभं राहून ओरडतायत. यायला अजून वर्ष तरी लागणार.

एका हाताचा रिमोट नाही. शेवटपर्यंत बघितलं. नाही.

आहे ते असं: 'मदत' नावाची सोय. ज्याला जमत नाही त्याची बटणं डबाच दाबणार, आणि समोरच्याला हळू करणार. तेजूचा लगेच फोन, "पप्पा, बघितलं? तुमच्यासाठीच केलंय!" किती आनंदात होती पोर. मी म्हटलं, व्हय बाळा, चांगलंय.

लहानपणी आट्यापाट्या खेळताना धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू करायचो. त्यानं नुसतं पळायचं, बाद कधीच व्हायचं नाही. तो बिचारा खूश असायचा, कारण त्याला माहीत नसायचं. मला माहीत आहे.

ज्यांना सोय हवी त्यांना मिळो, चांगलीच गोष्ट. मला नको. वाईट वाटलं, लपवत नाही. दुपारी पाण्याची पाळी होती, निमित्त झालं, उसात जाऊन बसलो. बि.ला कळवलं, आज जमणार नाही. हे खरं होतं.

९ जून

तेजूला शेवटी सगळं सांगून टाकलं. बि., हवेतल्या लाथा, सगळं. मग म्हणाली, "पप्पा, जुन्या डब्यात बटणं बदलता येतात. लाथेचं बटण डाव्या हाताला आणायचं. तुम्ही सेटिंगमध्ये कधी गेलाच नाहीत का?"

गेलो नव्हतो. फौजेत सामान जसं मिळेल तसं वापरायचं, त्यात हात घातला की हजेरी. ती सवय. महिनाभर मी नव्या डब्याची वाट बघतोय आणि जुन्यात ही सोय पडून आहे. काखेत कळसा.

तिनं फोनवरून एकेक पायरी सांगितली. ठोसा, लाथ, पकड डाव्या बोटांखाली आली. उजवीकडं करंगळीजोगं एकच बटण ठेवलं.

११ जून

डब्याशीच सराव. वीस डाव, वीस पराभव. पण ठोसा मागितला की ठोसा येतो. पकड मात्र दर वेळी उशिरा. डावा अंगठा रात्री ठणकतो. संगीतानं तेल लावून दिलं, वर टोमणा, "ह्योबी मोडून घ्या, म्हंजे जोडी जमंल."

१३ जून, शनिवार

बि. आला. खांद्यावर हुलग्यांची पिशवी, आईनं दिलेली. केस पांढरे झालेत थोडे. ओट्यावर बसल्या बसल्या माझा उजवा हात स्वतःच हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, बराच वेळ सोडला नाही.

जेवण झाल्यावर बोललो. तयारी करून ठेवलेलं एक वाक्यही आठवलं नाही.

"बिरू, तू माझ्याशी नूरा खेळतोस."

सुपारी फोडत होता, थांबला. वाटलं, नाही म्हणेल.

"व्हय दादा."

"का रं?"

"तुमचा हात गेला कळलं तवा मी वर पोस्टवर हुतो. सुट्टी मागितली, रस्ते बंद. तीन म्हैने खाली उतरलोच न्हाई. तुमाला बघायला बी आलो न्हाई. मग म्हटलं, येवढं तरी आपल्या हातात हाय."

आत संगीतानं भांड्यांचा आवाज बंद केला होता, म्हणजे ऐकत होती.

"उद्या खरं खेळायचं," म्हटलं. "मेजरसाबाशी खेळलास तसं."

बि.नं मान खाली घातली. "खेळीन. पर दादा, लागोपाठ हरलासा, तर परत कवा बसशीला का माझ्यासंगं? का लाइट गेली म्हनून सांगशीला?"

कळलं होतं त्याला.

बसेन का, ते मलाच माहीत नव्हतं.

१४ जून, रविवार

पहिला डाव सुरू झाला कधी आणि संपला कधी. दुसरा तसाच. तिसऱ्यात मी एक लाथ अडवली, एवढीच कमाई. बि. माझ्याकडं बघत नव्हता. भिंतीला टेकून, पाय पसरून खेळत होता, आणि त्या अवस्थेत मला पिंजून काढत होता. चौथ्या डावानंतर हळूच म्हणाला, "दादा, च्या घेऊया का?" म्हटलं, नको.

पाच. सहा. संगीता दारात उभी राहून बघून गेली. सहाव्यानंतर खरंच वाटलं, उठावं. उसाला पाणी आहे म्हणावं. पाणी होतंही.

उठलो नाही.

सातव्यात पकड वेळेवर बसली. पैलवानानं काटकुळ्याला उचलला आणि डोक्यावरून मागं टाकला. बि.ची पाठ भिंतीपासून सुटली. "आयला, हे कवा शिकलासा?" पाय दुमडून, टीव्हीकडं सरकून बसला. मग दात-ओठ खाऊन असा काही तुटून पडला की मला श्वास घ्यायला दिला नाही. तोही हरलो.

सात-शून्य. पाणी प्यायला म्हणून आत आलो आणि एवढं लिहितोय. अक्षर परत कोंबडीचं. बाहेरून बि. हाका मारतोय, आठवा लावलाय, या की, वही काय पळून जात्या व्हय.