निकिताच्या गाडीचं छत

४ मार्च, बुधवार

निकिताचा फोन. माझी धाकटी बहीण — आणि आता कॅराव्हॅनची मालकीण! जुनीच आहे म्हणे, पण आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज सगळं आहे. नवऱ्यानं, कल्याणरावांनी घेऊन दिली असणार, दुसरं कोण? श्रीरामपुरात त्यांचं कापडदुकान जोरात आहे.

"ताई, गाडीला बाहेरून छत बसवायचंय. नगरला चल ना माझ्याबरोबर. तुला यातलं कळतं."

कळतंच! किती वर्षं मी आणि माझा नवरा गोरक्ष जुन्या ओम्नीत गादी टाकून फिरतोय, दाराला हिरवी शेडनेट बांधून सावली करतोय. कॅराव्हॅनचं स्वप्न माझं होतं. निकिता तंबूत झोपायलाही घाबरायची.

हो म्हणाले. का म्हणाले?

५ मार्च

गोरक्ष जेवताना तिच्या गाडीचे फोटो बघत होता. दोनदा म्हणाला, "भारीच की!" भाजी वाढलीच नाही त्याला.

८ मार्च, रविवार

नगरला जाऊन आलो. कल्याणराव नव्हते. "कामात आहेत," एवढंच.

दुकानदारानं आधी घडीचा मांडव दाखवला. चार पाय ओढले की उभा राहतो, पण गाडीपासून सुटा. मग जाड कॅनव्हास — छान, पण ओला झाला की उचलता उचलवत नाही. मग ते गुंडाळीचं. गाडीच्या कडेला लांब पेटी, हँडल फिरवलं की छत सळसळत बाहेर येतं, खाली दोन पाय टेकवायचे. झालं! मी स्वतः फिरवून बघितलं. हात सोडवेना.

निकिताला तेच हवं होतं. वर तिचे प्रश्न! "पावसाळाभर टिकेल ना? बाजूनं पडदे लावता येतात? बाहेरून आतलं दिसायला नको. खाली स्वयंपाक केला तर धूर कोंडणार नाही ना?"

दोन दिवसांच्या सहलीला एवढा थाट! मी म्हटलंसुद्धा, "बंगलाच बांध की."

हसली नाही. पडदे मात्र तिन्ही बाजूंचे घेतले.

९ मार्च

माहेरून, पुणतांब्याहून अप्पांचा फोन. "आमची निकी लई धाडसी निघाली! गाडी सोता चालवती." मी गाडी चालवायला शिकले तेव्हा म्हणाले होते, जपून चालव.

१५ मार्च, रविवार

मुळा धरणावर गेलो — मी, गोरक्ष आणि ती. कल्याणराव पुन्हा नाहीत. नवं छत पहिल्यांदाच उघडणार म्हणून तिनंच बोलावलं होतं.

गाडी चुकीची लावली तिनं. वारा पाण्यावरून थेट छताखाली शिरणार, हे मला उतरल्या उतरल्या दिसलं. कोपरे ताणून धरायच्या दोऱ्या नुसत्याच लोंबत होत्या, खुंट्या पिशवीतच. मी बोलले नाही. खुर्ची घेऊन आमच्या शेडनेटखाली जाऊन बसले. गोरक्ष मात्र तिच्या छताखाली! "इथं ये गं, केवढी गार सावली आहे."

दुपारी वारा सुटला. छत एकदम फुगलं, एक पाय उचलला गेला, पडदा फडफडत तिच्या तोंडावर. तिनं छताची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि लोंबकळलीच! "नको, नको, मोडू नको," असं छतालाच सांगत होती. मग मात्र मी धावले. गोरक्षनं पाय दाबून धरला, मी हँडल फिरवून छत गुंडाळलं. एक सांधा वाकला, कोपरा फाटला.

निकिता मातीत बसून रडायला लागली. हुंदके देऊन. मी म्हटलं, "अगं, कापड आहे ते. दुसरं घेतील कल्याणराव."

तिनं डोळे पुसले आणि वाकलेला सांधा सरळ करायला घेतला.

१६ मार्च

छत फाटलं तेव्हा मला बरं वाटलं. इथं लिहायला काय हरकत आहे? बरं वाटलं!

१९ मार्च, पाडवा

आम्ही पुणतांब्याला गेलो. निकिता आली नाही. अप्पांना म्हणाली, फिरतीवर आहे. सणाच्या दिवशीसुद्धा! अप्पा तरी तिचंच कौतुक करत राहिले. मी श्रीखंड न खाताच उठले.

२१ मार्च, शनिवार

सकाळी कल्याणरावांचा गोरक्षला फोन. "तुमच्या मेहुणीचे उरलेले कपडे घेऊन जा. ती महिन्यापूर्वीच घर सोडून गेली."

लगेच तिला फोन केला. आमच्या राहुरीतच आहे! विद्यापीठाच्या पलीकडे, एका मैत्रिणीच्या शेतात गाडी उभी आहे. गाडी तिनं स्वतःचे दागिने मोडून घेतली. त्याच गाडीत राहते, त्या छताखाली स्वयंपाक करते.

"अगं, मी इथं दहा मिनिटांवर! माझ्याकडे का नाही आलीस?"

म्हणाली, "ताई, माझ्याकडे काही नवीन दिसलं की तुझा चेहरा कसा होतो, ते मला लहानपणापासून माहीत आहे. म्हटलं, गाडी बघून तू रागावलेलीच बरी. तुझी कीव नको."

गोरक्ष ओम्नी बाहेर काढतोय. मी चप्पल घालून दारात उभी आहे. तिच्यासमोर कोणता चेहरा घेऊन जाऊ?