‘माहीत नाही’चा चौकोन

ती. ताई,

वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकलोय, उरलेला तू समजून घे). गुडघा काय म्हणतो? जिने चढू नकोस म्हटलं की तू हटकून गच्चीवर गाद्या वाळत टाकायला जाणार, हे ठाऊक असल्यामुळे उपदेश करत नाही. भावोजींचा खोकला थांबला का? तू लागोपाठ तीन पत्रांत एकच विचारलं आहेस, तपासणीचं काय झालं, डॉक्टर काय म्हणाले? सांगतो गं, सगळं सांगतो. पण आधी आमच्या विद्यापीठातली गंमत ऐक, नाहीतर ती राहून जाईल.

झालं असं, की इथल्या विद्यार्थ्यांना आणि शिकवणाऱ्यांना आरोग्यातलं कितपत कळतं, औषधाच्या बाटलीवरचं वाचून समजतं का, डॉक्टरांचं बोलणं डोक्यात शिरतं का, हे मोजायचं कुलगुरूंच्या मनात आलं. आता मोजायचं म्हटलं की संख्याशास्त्रवाला आठवतो, तेव्हा धोंड माझ्याच गळ्यात. मी तीस प्रश्न काढले. प्रत्येकापुढे चार चौकोन, शेवटचा ‘माहीत नाही’चा. वाटण्याआधी पहिला कागद मीच सोडवला आणि तीसपैकी तीस मिळवले (पेपर काढणारा मी, तपासणारा मी, कमी पडणार कसे?). बाविसावा प्रश्न होता, डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही तर पुन्हा विचारता का? त्यापुढे ‘नेहमी’वर अशी ठसठशीत खूण केली की कागद फाटला.

मुलांनी वीस मिनिटांत कागद परत दिले. ‘माहीत नाही’वर बिनधास्त खुणा. एका मुलीने तर समासात लिहिलं होतं, बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या मी मैत्रिणीला देते, चुकतंय का? चुकतंय, पण विचारलं तरी! प्राध्यापकांचे कागद मात्र पंधरा दिवस येईनात. आले तेव्हा भाषा विभागाच्या प्रमुखांनी लाल शाईने माझं शुद्धलेखन सुधारून प्रश्नपत्रिकेलाच वीसपैकी नऊ गुण दिले होते. कायद्याच्या सरांनी तीसही ठिकाणी ‘तत्त्वतः होय’ लिहिलं होतं. पदार्थविज्ञानातल्या दोघांची उत्तरं चुकांसकट सारखी होती (आणि जन्म गेला पोरांच्या कॉप्या पकडण्यात!). दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, पाच दिवस, तर एकूण गोळ्या किती, याला चौकोन सोडून समासात सहापासून नव्वदपर्यंत सगळी उत्तरं आली. गणिताच्या बाईंनी तर याला एकच एक उत्तर नाही असं पानभर सिद्ध करून दिलं. पण माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. बासष्ट प्राध्यापक, तीस प्रश्न, आणि ‘माहीत नाही’वर एकही खूण नाही. एकही नाही, ताई! मला चैन पडेना.

शेवटी आमच्या विभागातल्या कारकूनबाई म्हणाल्या, सर, त्या चौकोनाचं नाव बदलून बघा. म्हणून मी ‘माहीत नाही’ खोडून तिथे ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ असं छापलं आणि तेच कागद त्याच माणसांना पुन्हा वाटले. बासष्टपैकी अठ्ठेचाळीस जणांनी त्या चौकोनात आनंदाने खुणा केल्या, कायद्याच्या सरांनी तर तीसच्या तीस. मी इतका हसलो की चहा कागदांवर सांडला. बाई हसल्या नाहीत. टेबल पुसता पुसता म्हणाल्या, सर, तुम्ही तपासणीहून आलात तेव्हा मी विचारलं होतं डॉक्टर काय म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, अजून थोडा अभ्यास करावा लागेल. मी खिडकी उघडली आणि उकाड्याबद्दल बोलू लागलो.

असो. सोमवारी अहवाल जाईल. मुलांना कमी कळतं पण ती तसं सांगतात, असं त्यात लिहिलंय. माझ्या तब्येतीची काळजी नसावी.

तुझा धाकटा,
(तुझ्याच शब्दांत) दीडशहाणा

ता. क. : तपासणीचं राहिलंच. डॉक्टर बारा मिनिटं बोलले. मूत्रपिंडाबद्दल होतं, एवढं नक्की. कागदावर चित्रही काढलं. मी नंदीबैलासारखी मान डोलावत होतो, मध्ये दोनदा ‘अर्थातच’ म्हणालो. ‘घाबरण्यासारखं नाही, पण’ असं ते म्हणाले आणि त्या ‘पण’पाशी माझे कानच बंद झाले. रिपोर्ट टेबलाच्या खणात आहे. मला भीती वाटते गं.

आणखी एक : माझ्या कागदावर बाविसाव्या प्रश्नाचं ‘नेहमी’ खोडून ‘माहीत नाही’वर खूण केली आहे (जुन्या नावाच्या चौकोनात). गुरुवारी दहा वाजता त्याच इस्पितळात मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तू छत्तीस वर्षं नर्स होतीस, भलेभले डॉक्टर तुझ्यासमोर सावकाश बोलायचे. येशील का? मी गुपचूप शेजारी बसेन, मान हलवणार नाही. त्या ‘पण’च्या पुढचं तेवढं तू विचार.

शेवटचं : तिथे लिफ्ट आहे. बारा मिनिटांत मी एवढी एकच गोष्ट विचारली, की बहिणीचा गुडघा दुखतो, तिला जिना चढावा लागेल का.