ज्यांचे बुडाले, त्यांना सांगायला

३ मार्च २००८, अकोला

छापून आलं! सातव्या पानावर, निविदांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. शेखरचं अमरावतीचं घर, गाडी, नांदगाव पेठेजवळचा प्लॉट – सरकारनं जप्त केलं होतं ते सगळं लिलावात गेलं. त्याच्या ‘सोनफूल ठेव योजने’त ज्यांचे पैसे बुडाले, त्यांनी मूळ पावती घेऊन ३१ मार्चच्या आत अमरावतीच्या कार्यालयात अर्ज करायचा. नाही केला तर हक्क गेला.

शेखर म्हणजे माझा नवरा. नाव घेते मी आता. त्याला शिक्षा झाली त्या दिवसापासून ‘अहो’ आणि ‘हे’ बंद.

पण ही जाहिरात वाचणार कोण? बुडाले ते भाजीवाले, माळी, शिलाईवाल्या बाया. त्यांच्याकडं पेपर येतो तो पुड्या बांधायला!

मायला वाचून दाखवली. शेखर आत गेल्यापासून मी तिच्याकडंच राहते. ती दाराशी बसून हार गुंफत होती. म्हणाली, “बरं झालं.” दोन फुलं ओवली. मग, “आखरी तारीख कोनती म्हनली?”

४ मार्च

मीच जाणार सांगायला. ठरलं.

माझ्याकडं यादी नाही. ती कोर्टात. पण चेहरे आहेत! पैसे द्यायला जो जो घरी यायचा, त्याला चहा कोण करायचं? मीच ना! बशीत ओतून फुर्र करणारे उत्तमराव. साखर जास्त मागणाऱ्या माणिकबाई. बाळापूरच्या अकीलाबाजी, कितीही आग्रह केला तरी बिस्किटाला हात लावायच्या नाहीत. एकेक आठवतो.

भीती वाटते. चपला खाईन, दुसरं काय!

९ मार्च, अमरावती

उत्तमराव बाजारात वांगी घेऊन बसतात. मला पाहिलं आणि तराजू खाली ठेवला. “तुमचा चहा लय महाग पडला, बाई.”

खरंच आहे. कात्रण पुढं केलं तर म्हणाले, “आता हे कोनती नवी स्कीम? नवरा आत, बायको बाहेर – धंदा चालू!” शेजारचे सगळे हसले. मलाही हसू आलं, देवाशप्पथ! त्यांच्या जागी मी असते तर वांगी फेकून मारली असती.

निघाले तर मागून त्यांचाच आवाज. “पानी पिऊन जा. ऊन लय हाय.”

प्यायले. कात्रणामागं शेजारच्या दुकानाचा फोन नंबर लिहून ते त्यांच्या पोत्याखाली सारून आले. ज्याला आपण लुबाडलं त्यानं पाणी विचारावं! देवा, असे लोक ठेवलेस म्हणून मी अजून उभी आहे.

११ मार्च

चार दारं. चारही बंद. एक बाई तर खिडकीतून म्हणाली, “घरी कोनी नाही!” – स्वतःच!

१५ मार्च, बाळापूर

अकीलाबाजींचा पोरगा सरफराज दारातच आडवा झाला. सायकलचं दुकान आहे त्याचं. हातात पाना. “काऊन आली इथं? अम्मीनं तीन साल शिलाई करून जमवले होते. माह्या बहिणीच्या, लुबनाच्या नर्सिंगचे होते ते. पोरगी घरी बसली आमची!”

मी म्हटलं, “म्हणूनच आले.”

“चाल, निघ!”

आतून मशीन थांबल्याचा आवाज आला. अकीलाबाजी बाहेर आल्या. म्हाताऱ्या झाल्यात, बाप्पा. मला उभं ठेवूनच एकेक विचारलं.

“तेरे को इसमें क्या मिलेगा?”

“काहीच नाही, बाजी.”

“पैसा भरना पडता क्या?”

“नाही.”

“पावती तेरे पास देना पडती?”

“अजिबात देऊ नका! मलाच काय, कोणालाच देऊ नका. तुमची पावती घेऊन तुम्हीच जा.”

त्या पोराकडं वळल्या. “सुन. ठग आता तो पहले कुछ माँगता. ये तो कुछ माँगीच नहीं.”

मग मला बसवलं. चहा दिला. कप हातात धरला आणि माझा बांधच फुटला! कप सांडेल म्हणून लुबनानं काढून घेतला. शेखर आत गेल्यापासूनच्या चार वर्षांत मायशिवाय कोणी मला ‘बस’ म्हटलं नव्हतं. रडले, आणि मग दोन बिस्किटं खाल्ली. लाज नाही वाटली.

१६ मार्च

मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “चांगली बाई हाय.” आणि डोळे पुसले. मला वाटलं, माझ्याचसाठी.

२३ मार्च, बाळापूर

आज अकीलाबाजी बरोबर फिरल्या. त्या पुढं, मी मागं. बुरख्याच्या बाह्या सावरत दार वाजवायच्या. “पावती निकालो. रोना बाद में.” मी दहा वाक्यांत सांगते ते त्या अर्ध्या वाक्यात उरकतात!

एका घरी शिव्या बसल्या. चांगल्या सणसणीत. बाजी म्हणाल्या, “सुन ले. उनका भी हक है.” ऐकल्या. शिव्या संपल्यावर त्याच बाईनं ट्रंक उघडून पावती शोधली.

२७ मार्च

उत्तमरावांचा फोन आला! शेजारच्या दुकानात. धावत गेले.

“मी कचेरीत जाऊन पाहून आलो. खरं हाय. सारे नाही भेटत, पर बरेचसे भेटतीन म्हन्ते साहेब.” आणि वर, “भाजीबाजारातल्या लोकाईले सांगाचं माह्याकडं लागलं. तुमी कायजी करू नका, बाई.”

तुमी कायजी करू नका! मला म्हणाले! घरी येऊन देवापुढं साखर ठेवली. आणखी काय ठेवणार?

३० मार्च

उद्या शेवटचा दिवस. अकीलाबाजी आणि बाळापूरच्या बाया पहाटे स्टँडवर भेटणार. मायनं भाकरी बांधून ठेवल्यात. रोजच्यापेक्षा जास्त. विचारलं तर म्हणाली, “असू दे.”

३१ मार्च, अमरावती

रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. बाजींचा अर्ज गेला. माणिकबाईंचा गेला. बाळापूरच्या सगळ्यांचे गेले! आनंदात खाली उतरले, तर रांगेच्या टोकाला माय. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मागच्या गाडीनं एकटी आलेली.

मला वाटलं, काही निरोप घेऊन आली.

तिनं पिशवीतून पावती काढली. सोनफूल. तिचं नाव, खाली शेखरची सही. विहीर आटली म्हणून फुलांचं वावर विकलं, असं मला सांगितलं होतं तिनं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नव्हती ती कधी – दारातूनच जावयाच्या हाती वावराचे पैसे देऊन गेली असणार.

“तेव्हाच काऊन नाही सांगितलं व माय? इतके वर्ष!”

“तू नांदून राहिली होती ना बाई तिथं,” ती म्हणाली.