संघदीपला घरी का ठेवलं

मुकुटबन,
१८ डिसेंबर २००५

ममताच्या बाबांना जयाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही आहोत. तुमची तब्येत कशी आहे? गावाला आलेला धनसिंग परत पुण्याला निघाला आहे, त्याच्याजवळ हे पत्र आणि स्वेटर देते. रद्दीच्या गोदामात धूळ फार असते म्हणता, तर नाकाला रुमाल बांधत जा.

कापसाची उलंगवाडी झाली. लाल्या आला, पानं लाल पडून गळली. दुसऱ्या वेचणीनंतर झाडावर काही उरलं नाही. मी आता लोकांच्या चण्यात निंदायला जाते. आत्याबाईंचे गुडघे धरतात, तरी भाकरी त्याच टाकतात.

रद्दीतून तुम्ही निवडलेली पुस्तकं मिळाली. चित्रं फार सुरेख आहेत. एकाची पाठ सुटली होती, ती खळ लावून चिकटवली. सकाळी शेतात जायच्या आधी दोघांना ओट्यावर उन्हात बसवते, कारण ममताला आता उजेड फार लागतो. चांद्याचे गोंड राजे झाले, देवगिरी झाली, मलिक अंबर चालू आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं तेव्हा वाटलं होतं, हा इतिहास आपल्या काय कामाचा. आता तेवढंच मला शिकवता येतं. ममताचं बोट धरून चित्रावरून फिरवते, हा तट, हा बुरूज, हा खंदक. परवा तिनं आपणहून सांगितलं, "राजाचा घोडा काळा आहे." घोडा पांढरा आहे. मी पुढचं पान उलटलं.

बहामनींच्या पुस्तकात एका पोरसवदा सुलतानाचे डोळे काढल्याचं आहे. आपला वऱ्हाड तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. ते पान मी गाळून पुढं गेली. पण ममताच्या लक्षात आलं की गोष्ट मधेच तुटली. मग वाचावंच लागलं.

ती म्हणाली, "मंग तो कसा राह्यला?"

"पुस्तकात लिहिलं नाही बेटा."

"डोळे गेले तं त्याचं लिहिणंच बंद केलं का?"

मी पुस्तक मिटलं आणि चण्यात निघून गेली. दिवसभर निंदण हातात होतं आणि डोक्यात तेच.

ममताला फळा दिसत नाही, पडली-झडली तर आपल्यावर येईल, म्हणून गुरुजींनी तिला घरी ठेवायला लावलं, ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या वेळी फोनवर तुम्ही चिडून विचारलं, "संघदीपले काहून घरी ठेवलं?" मी सांगितलं, तो बहिणीशिवाय जात नाही. एसटीडीच्या दारात लोक उभे होते. मी सांगितलं ते खरं नव्हतं. खरं काय ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं आणि आता कुठं त्यावर आली.

दिवाळीनंतर एकदा किल्ल्याच्या वेढ्याचं चित्र उघडलं होतं. मधोमध दरवाजा, आणि पानाच्या कडेला त्यावर धावून येणारा हत्ती. संघदीपला म्हटलं, हत्ती दाखव. त्याचं बोट दरवाज्यावरच फिरत राहिलं.

"यात हत्ती नाई ना आई."

मी पुन्हा विचारणार तोच ममता त्याला हळूच म्हणाली, "मान फिरव नं. मले बी पहिले असंच होये. मान फिरवली का दिसते."

त्यानं मान फिरवली आणि त्याला हत्ती दिसला. तो खूश झाला. ममता हसली नाही. पोरीला माझ्या आधी कळलं होतं.

मग मला एकेक आठवत गेलं. दिवस बुडताना शेतातून येताना तो माझा पदर सोडत नव्हता, एकदा तर उभ्या बैलावर जाऊन धडकला. मी त्याला वेंधळा म्हणून रागावली होती.

ममताला दाखवायला नागपूरला गेली म्हणून तुम्हाला सांगितलं, तेव्हा त्यालाही नेलं होतं. शेजारची रुपीबाई सोबत आली. डॉक्टरांनी औषध टाकून त्याचे डोळे तपासले आणि म्हणाले, "यालाही तेच आहे. पडद्याचा आजार. औषध नाही." मग विचारलं, नवरा नात्यातला का? मी म्हटलं, माझ्या आत्याचा मुलगा. ते कागदावर लिहीत राहिले. बसमध्ये तो खिडकीशी बसून, कापसाच्या गाड्या दिसल्या की मला दाखवत होता.

आत्याबाईंना मी अजून सांगितलं नाही. त्यांनीच मला हौसेनं सून करून आणलं होतं. तुम्हीही त्यांना दोष देऊ नका.

या वाचनानं पोरांचं काही भलं होईल असं मला वाटत नाही. तरी त्याला घरी ठेवून, दिसतं तोवर दाखवते, एवढंच. रुपीबाई म्हणते, धीर धर. मी हो म्हणते.

गेल्या आठवड्यात ममताला विचारलं, बाबा कसे दिसतात गं? तिनं तुमचा आवाज काढून दाखवला. मी पुन्हा विचारलं, तोंड कसं आहे? तिनं परत तोच आवाज काढला.

संघदीपला अजून समोरचं दिसतं. सुट्टी मिळत नसेल तर काम सोडून या. पुढं काय खायचं ते मला माहीत नाही, तरी या, आणि दिवसाच्या उजेडात त्याच्या अगदी समोर बसा.

दोघांची आई,
जया