पेपर संपल्याशिवाय पान वाढू नये

मी, ज्ञानेश्वरी गहिनीनाथ लगड, वय ५२, राहणार भिंगार, नव्या विमानांच्या उड्डाण-चाचण्या घेणारी अभियंता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. दडपण कोणा माणसाचे नाही, सोमवारच्या उड्डाणाचे आहे. त्या दिवशी वैमानिक अजिनाथ गर्जे आणि मी आमच्या कंपनीचे छोटे विमान मुद्दाम गिरकीत घालून, म्हणजे फिरत खाली पडू देऊन, पुन्हा बाहेर काढणार आहोत. आई म्हणते, "इमान सरळ जातंय न्हवं? मग कशाला गं गरागरा फिरवायचं?" उद्या कोणाच्या हातून ते चुकून फिरले तर सुटते की नाही, हे आधी कोणीतरी पाहावे लागते, म्हणून.

१. भिंगारचे घर भाची रेश्मा हिला. आई दगडाबाई हयात असेपर्यंत तिथेच राहील. टीव्हीच्या आवाजावरून तिच्याशी कोणी वाद घालायचा नाही.

२. श्रीगोंद्याची माझ्या वाट्याची जमीन भाऊ सुनील याला. सुनील, मला न विचारता बांधावरची चिंच तोडलीस, त्याचा राग अजून आहे. आधी तिथे चिंच लाव, मग सातबाऱ्याला हात लाव.

३. उड्डाण-चाचणीवरच्या सर्वोत्तम पेपरचे बक्षीस म्हणून मला मिळालेली ढाल अजिनाथला. त्यामुळे त्याने या कागदावर साक्षीदार होऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, असे वकील सांगतात.

४. त्या ढालीचा फोटो आमचे संचालक अमृत काळे यांनी कंपनीच्या दारातच लावला आहे. पेपर मात्र त्यांनी वाचलेला नाही. त्यात मी हेच दाखवले आहे की, शेपटीकडे वजन जास्त झाले तर हे विमान गिरकीतून सुटेलच असे नाही, म्हणून शेपटीला गिरकी थांबवणारे पॅराशूट बांधल्याशिवाय ही चाचणी करू नये. पॅराशूट यायला महिना आहे आणि साहेबांना विमान प्रदर्शनात मांडायची घाई आहे. "तुम्ही बक्षीसवाल्या आहात ना, मग काय होतंय!" म्हणाले. मी नाही म्हटले तर माझ्या जागी दुसऱ्या कोणाला बसवतील. अजिनाथ अजून काही बोललेला नाही. मला भीती वाटते.

म्हणून माझ्या तेराव्याला साहेबांना बोलवावे आणि समोर बसवून तो पेपर तक्त्यांसकट वाचून दाखवावा. संपल्याशिवाय त्यांना पान वाढू नये.

भिंगार, जि. अहिल्यानगर
१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार
ज्ञानेश्वरी गहिनीनाथ लगड (सही)

आमच्यासमोर सही झाली. साक्षीदार:

१. कल्याण भोस, वकील (सही)

२. अजिनाथ गर्जे, वैमानिक (सही)
कलम तीन वाचलं. ढाल नको, ताई. आन् पेपर वाचायला तुमचा तेरावा कशाला पायजे? सोमवारी सायबांना समोर बसवून मीच वाचतो. पॅराशूट येईस्तोवर इमानाची चावी माझ्या खिशात हाय.