वरच्या पापणीतली गाठ

रामवाडी, पेण
जानेवारी १९९६

प्रिय अनू,

तुला सातवा लागला, जपून राहा. रोह्याच्या घराचा जिना हळू उतर. इकडे भात भरून झालं, पावटा शेंगेला आलाय.

गणपतीत माझ्या उजव्या पापणीवर गाठ होती बघ. रांजणवाडी म्हणून तूच लवंग उगाळून लावली होतीस. पुढे डॉक्टरांकडून ती चिरून काढली. पुन्हा तिथेच आली. पुन्हा काढली, पुन्हा आली, आणि तिथले केसही गळाले. तुझे बाबा म्हणाले, "मिठागरावरच्या उन्हाची झळ हाय ती, जाईल."

मला मात्र धीर निघेना. पेणात डोळ्यांच्या एक डॉक्टरबाई बसतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पापणी उलटी करून पाहिली आणि कागदावर काढून दाखवलं. पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी ओळीने उभ्या असतात, त्यांची तोंडं केसांच्या मागे, काठावर. आपण डोळा मिटला-उघडला की त्यांतून तेल पाझरतं, डोळ्यातल्या पाण्यावर पातळ साय धरते, म्हणून डोळा सुकत नाही. तोंड बुजलं की गाठ होते, बहुतेकांची साधीच. "पण काकू, तीच गाठ त्याच जागी परत येते आणि केस गळतात, तेव्हा तुकडा तपासायलाच हवा," असं म्हणून त्यांनी तुकडा मुंबईला पाठवला. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं.

कॅन्सर निघाला, अनू. त्याच ग्रंथीतला. वेळेत सापडला म्हणतात. बुधवारी मुंबईला ऑपरेशन आहे. वरची पापणी बरीचशी कापून खालच्या पापणीचं कातडं वर ओढून शिवणार, काही आठवडे डोळा बंदच. आजार आत उतरलेला दिसला तर डोळाही काढावा लागेल. दिवसा कामात विसरते, पण भाकरी थापताना हात मध्येच थांबतो. बाळाने माझं तोंड बघून रडायला घेतलं तर, हेही मनात येतं.

बाबा म्हणतात, "बाळंतपण होईस्तोवर अनूला कळवायचं नाय." समोरच्या एसटीडीवर मी दोनदा जाऊन परत आले, बोलताना रडू फुटलं असतं. मी फार घाबरलेय गो. जावईबापूंना घेऊन रविवारी ये. गाडी पेणच्या अलीकडे कासूला आली की दारातच उभी राहीन. बुधवारच्या आधी तुला एकदा दोन्ही डोळ्यांनी बघू दे.

तुझीच,
आई